मागचा सेन्सर

गाडी जॅकवर चढवून मिस्त्री खाली सरकला आणि टॉर्च लावताच त्याला ती टोपी दिसली.

ती त्यानेच घातली होती. आठ महिन्यांपूर्वी, आठ दिवसांसाठी.

टॅक्सी दाजींची, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. दाजी आता घरी खिडकीशी बसून असत. हातात दिलेला चमचा तोंडापर्यंत न्यायचा असतो, हेसुद्धा त्यांना सांगावं लागे. डॉक्टरांनी हात टेकले होते. गेलेलं परत येणार नाही, असं स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून ताई पन्नाशीत गाडी शिकली. सोमवारपासून ती स्वतः टॅक्सी चालवणार होती. त्याआधी एकदा भावाच्या नजरेखालून गेलेली बरी, म्हणून ती गाडी घेऊन आली होती आणि पर्स मांडीवर धरून स्टुलावर बसली होती.

खरं तर सेन्सरच्या बाबतीत मिस्त्री भलताच कडक. गिऱ्हाइकाला उभं करून तो शिकवणीच घ्यायचा. धुराच्या नळीला दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा इंजिनाला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की कमी. मागचा बघतो, मधल्या जाळीच्या डब्याने धूर नीट साफ केला की नाही. साफ नसेल तर समोर पिवळा दिवा लागतो. सेन्सरच्या नाकाला तारेचा ब्रश लावायचा नाही, त्यावर स्प्रे मारायचा नाही, वायर ओढायची नाही. आणि दिवा लागला की आधी नळी बघायची, मग सेन्सरवर आळ घ्यायचा. तो चहाडी करतो म्हणून त्याला बदलू नका, चहाडी खरी आहे का ते बघा, असं तो म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची आणि पुन्हा त्याच्याकडेच यायची.

पण दाजी आले त्या दिवशी डबाच मेलेला निघाला. नवा यायला आठ दिवस, आणि टॅक्सीची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवा लागलेला दिसला की टॅक्सी उभी. दाजी गयावया करणारे नव्हते. नुसते दारात उभे राहिले. मिस्त्रीला भीड पडली. धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती त्याने केली. नळी आणि मागचा सेन्सर यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा बसवला. त्यामुळे सेन्सरचं नाक धुराबाहेर राहतं. त्याला काही कळत नाही, तो काही सांगत नाही. कारागीर याला टोपी घालणं म्हणतात आणि म्हणताना हसतात. दिवा विझला, टॅक्सी पास झाली.

डबा आठव्या दिवशी आला. दाजी आले नाहीत, कारण दिवा लागत नव्हता. फोन करायचं मिस्त्रीच्या मनात होतं, तेवढ्यात तसलीच दुसरी गाडी आली आणि डबा तिला लागला. असं होतं. कुठल्या ना कुठल्या गाडीचं रोजच होतं.

मिस्त्रीने टॉर्च पुढे सरकवला. डब्याच्या मागच्या जोडाला चीर होती, आरपार. भोवती काजळी. वर गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, आणि त्याच्याही कडा काळ्या. त्याने तिथे बोट फिरवलं. बोट काळं झालं.

साफ न झालेला धूर थेट आत जात होता. त्यातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. थंडीचे दिवस, स्टँडवर वाट बघत बसलेले दाजी, काचा बंद, हीटर हवा म्हणून इंजिन चालू. आधी डोकेदुखी. मग उलट्या, रस्ते विसरणं, ताईवर उगाच खेकसणं. चष्मा बदलून झाला, मानेचा पट्टा झाला, झोपेच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका दुपारी ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून पडलेले सापडले. बाकीच्या ड्रायव्हरांना तासभर ते झोपलेत असंच वाटत होतं. नंतर मेंदूचा झटका आला असावा असं ठरलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. मिस्त्रीनेही.

बाहेर जाऊन सगळं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, सांगून आता कुणाचं भलं होणार आहे? जोड बदलता येईल, रबर बदलता येईल, डबा मागवता येईल. ताईला धड गाडी मिळेल. दाजींना काय मिळणार? उलट ताईला असलेला एवढा एक भाऊ, तोही जाईल. शिवाय हे कुणाच्या लक्षात तरी कसं येणार होतं? डॉक्टर माणूस तपासतात, त्याची गाडी थोडीच तपासतात. हा एवढाच आधार त्याला सापडला आणि तो त्याने घट्ट धरला.

तो बाहेर सरकला. हात पुसत, ताईकडे न बघता, त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, डॉक्टर कधी गाडीबद्दल काही बोलले होते का.

"बोलले होते की," ताई म्हणाली. "अगदी पहिल्यांदा ह्यांचं डोकं दुखायला लागलं तेव्हाच. गाडीत धूर येत असेल, उद्याच रक्त तपासू या म्हणाले. चिठ्ठीसुद्धा लिहिली होती."

"मग?"

"मग काय." कितीतरी दिवसांनी ताई थोडीशी हसली. "हे म्हणाले, गाडी माझ्या मेव्हण्याच्या हातची आहे, साधा दिवासुद्धा लागत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून टाकली."