नळीची आतली बाजू

"तुम्ही हात लावायचा नाही," तपासनीस म्हणाला, आणि सासऱ्यांनी मुकाट्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तसंही ते हात हल्ली लपवण्याच्याच कामाचे राहिले होते. उजवा थरथरायचा. चहाचा कप कसाबसा धरता यायचा, पण दूध कंपनीच्या पातळ पत्र्याच्या स्टीलच्या नळ्यांना असलं कसंबसं चालत नाही. हात जरा अडखळला की भोक. म्हणून आज वेल्डिंगच्या टेबलापाशी त्यांची सून बसली होती. तिचा नमुना पास झाला तर कंपनीचं काम इथंच राहणार होतं, नाहीतर वर्कशॉप बंद. सासूबाईंनी सकाळीच फडताळातून कुलूप काढून तेल घालून ठेवलं होतं. या बाई कुठल्याच बाबतीत ऐनवेळी धावपळ करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सुनेनं नळीची दोन्ही तोंडं टेपनं बंद केली. एकीकडून बारीक पाइप आत सरकवला, दुसरीकडे टाचणीएवढं भोक ठेवलं, आणि नळीच्या पोटातली हवा घालवायला आत आर्गॉन गॅस सोडला. हे सासऱ्यांनी तिला तोंडानं शिकवलंच नव्हतं. सुरुवातीला त्यांनी तिला आत गॅस न सोडताच नळी जोडू दिली होती, वर शाबासकीही दिली होती. सांधा बाहेरून असा, की दृष्ट काढावी. ती तो घरभर मिरवून आली. मग सासऱ्यांनी तीच नळी तिच्यासमोर उभी चिरली. आतून करपलेल्या पातेल्याचा तळ.

"दूध आतून वाहतं," एवढंच ते म्हणाले होते. त्या दिवशी तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तिनं काळी काच डोळ्यांवर घेतली, करंट कमीजास्त करणाऱ्या पेडलवर पाय ठेवला. पायाचं तिला कधी शिकवावं लागलं नव्हतं. शिलाई मशीनवर मुरलेला पाय तो; कुठं दाबायचं, कुठं हळूच सोडायचं, त्याला बरोबर कळायचं. तिला कपडे शिवताना बघूनच सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, शिकतेस का म्हणून. तेव्हा नवरा खो-खो हसला होता. हल्ली हसत नाही.

आर्क पेटला. करंगळी नळीवर टेकलेली, हातातल्या वेल्डिंग टॉर्चची टंगस्टनची सुई वितळलेल्या थेंबाच्या अगदी जवळ, पण त्याला न शिवता. दुसऱ्या हातातली तार थेंबाथेंबानं पुढे. थोडी गोलाई झाली की ती थांबायची, नळी फिरवायची, पुन्हा सुरू. सासऱ्यांपाशी काच नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून नुसता आवाज ऐकत होते. आवाज एकसारखा येत होता, आणि तरी त्यांच्या कपाळावर घाम होता.

सांधा पुरा झाला. तिनं पेडल सोडलं, उजेड गेला.

इथंच तिचं दर वेळी घोडं अडायचं. उजेड गेला रे गेला की तिला बघायची घाई. काच वर, टॉर्च वर, आणि तापलेल्या सांध्याचं शेवटचं टोक हवा लागून काळं. पातेल्यावरचं झाकण सारखं उघडतेस, असं म्हणून सासरे किती वेळा चिडले होते. आर्क विझला तरी टॉर्चमधून गॅस येत राहतो, ते टोक निवेपर्यंत त्याला पांघरूण घालतो. तेवढा वेळ हात तिथंच ठेवायचा. काहीही करायचं नाही, नुसतं थांबायचं. याच्याइतकं अवघड काम तिला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

आज ती थांबली. तपासनिसानं मान पुढे घातली, तरी हलली नाही. गॅसची फुसफुस बंद झाली, मग तिनं काच वर केली.

नळी निवल्यावर तपासनिसानं ती करवतीनं उभी चिरली. बॅटरी लावून आत बघितलं, बोट फिरवून बघितलं, पुन्हा बॅटरी लावली. काम चांगलं निघालं की या लोकांना जास्तच वेळ लागतो. शेवटी त्यानं अर्धी नळी सासऱ्यांच्या हातात दिली. आतली बाजू बाहेरच्याइतकीच लख्ख होती. सांध्याची तेवढी एक बारीक, फिकट सोनेरी रेघ.

"कुणाकडे शिकलात?" त्यानं सुनेला विचारलं. तिनं सासऱ्यांकडे बघितलं, आणि सासऱ्यांना एकदम खोकला आला.

माल सोमवारी पाठवतो, असं सांगून तपासनीस गेला. दारातून ऐकत उभ्या असलेल्या सासूबाईंनी कुलूप उचललं आणि फडताळात टाकलं.

सासरे स्टुलावर बसले. हात लपवायचं ते विसरूनच गेले होते. त्यांच्या हातातली नळी टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होती. सुनेनं हातमोजे काढले, नळी बाजूला ठेवली आणि त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तुम्ही विचारलं नसतं, तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या पँटींना चेन लावत बसले असते, असं ती कसंबसं म्हणाली. या माणसाचे उपकार कुठून मोजायला लागावं, हेच तिला समजत नव्हतं.

हात हळूहळू शांत होत गेला. सासरे मात्र अवघडले. "झालं की आता," ते म्हणाले, "सोड."

"थांबा, बाबा," ती म्हणाली. "गॅस चालू आहे अजून."