दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे

लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून घरी आला की तो बूटही न काढता टीव्हीपुढे बसायचा. परदेशात आपल्याकडच्या मालिका ऑनलाइन पाहता याव्यात म्हणून बाबांनी आपल्याच खात्याचा पासवर्ड त्याला देऊन ठेवला होता. पण त्या खात्यावर एका वेळी एकाच घरात पाहता यायचं. त्यामुळे पडद्यावर हटकून तीच पाटी यायची: ‘दुसऱ्या ठिकाणी सुरू आहे.’ मग तो बाबांना फोन लावायचा.

"बाबा, उठा आता. आमचा नंबर कधी लागायचा?"

"थांब रे. सुनेनं सासूच्या दुधात विष कालवलंय. तिला एक घोट तरी घेऊ दे."

"अहो, मी तुम्हाला वेगळं खातं काढून देतो."

"नको. मग तू फोन कशाला करशील?"

यावर तो हसायचा, जेवणखाण, गुडघेदुखी विचारायचा, आणि बोलता बोलता मालिका दोघांचीही राहून जायची.

बाबांचं तेराव्यापर्यंतचं सगळं उरकून तो परत आला आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. संध्याकाळी सवयीने टीव्ही लावला. पाटी आली नाही. बाबांनी अर्ध्यावर सोडलेला भाग तिथूनच पुढे सुरू झाला. सासूने दुधाचा पेला उचलला.

"अहो, लागलं का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. फोन त्याच्या हातातच होता.