आठ मिनिटांचा फोटो

म्हाताऱ्या फोटोग्राफरने लग्नंबिग्नं सोडून आता घरामागची बागच धरली होती, तीही कृष्णधवल. त्या दुपारी त्याने कॅमेऱ्याचं भिंग तब्बल आठ मिनिटं उघडं ठेवलं. एवढ्या वेळात हलणारं माणूस फोटोत उमटतच नाही. म्हणून झारी घेऊन सतत फिरणाऱ्या बायकोला त्याने हटकलं नाही.

फोटो धुतला, तर डाळिंबाखाली बायको उभी होती. अगदी रेखीव, थेट भिंगात बघत.

“मध्ये थांबली होतीस का गं?” त्याने उगाच विचारल्यासारखं विचारलं.

“छे हो, थांबायला सवड कुठे होती?”

“मग ही कोण?”

तिने फोटो हातात घेतला. “मीच की,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

जुन्या सवयीने तो मनात सेकंद मोजू लागला. दोनशे झाले, तरी तिची पापणी लवली नव्हती.