पोटावरची पिशवी

धाकटीने शुद्धीवर येताच पोट चाचपलं. मधोमध जाड पट्टी होती, कुशीला एक नळी होती. तिने हात डावीकडे नेला, मग उजवीकडे नेला. पिशवी कुठेच नव्हती. तिने पुन्हा एकदा सगळं पोट चाचपून पाहिलं.

धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हे. शाळेचे गणवेश शिवण्यात हयात गेलेली, केस पिकलेली बाई. पण दादा-वहिनीच्या तोंडून ते नाव काही सुटलं नव्हतं. गेल्या वर्षी दादाला मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ निघाली. गाठ गेली, पण शौचाची वाट कायमची बंद झाली आणि पोटावर पिशवी आली. कपाटं बनवणारा, घरोघरी फिरून गप्पा हाणणारा माणूस तो. चार लोकांत बसायचंच त्याने सोडलं. पिशवी कधी दगा देईल याचा भरवसा नाही, म्हणायचा. यंदा धाकटीला तीच गाठ निघाली, तीही त्याच जागी. डॉक्टरही तेच, फावड्याएवढ्या पंजांचे. ते म्हणाले होते, "आत गेल्यावरच नक्की कळेल. पण पिशवीची तयारी ठेवा."

धाकटीने तयारी ठेवली. वहिनीकडून पिशवी बदलायला शिकली, वरून काही दिसू नये असे सैल झगे शिवले. आणि मनाशी एक साधा हिशेब केला. पिशवी असली तर गाठ काढून झाली. नसली तर पोट उघडलं, आत सगळं पसरलेलं दिसलं आणि तसंच शिवून टाकलं. दवाखान्याच्या बाकावर बसून बसून असल्या गोष्टी तिच्या कानावर आल्या होत्या.

"वहिनी, मला तसंच बंद केलं का गं?"

"डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला गेलेत. तेच सांगतील म्हणे," वहिनी म्हणाली. "तू बोलू नकोस."

पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने वहिनीनेही बघून घेतलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. दादा तर आत यायलाच तयार नव्हता. दाराच्या काचेतून त्याचा नुसता खांदा आणि कोपर दिसत होतं, आणि ते कोपर राहून राहून डोळे पुसल्यासारखं वर जात होतं. धाकटी काय समजायचं ते समजली. ज्या पिशवीच्या नावाने तिची झोप उडाली होती, ती आता कोणी दिली असती तर तिने दोन्ही हातांनी घेतली असती.

डॉक्टर आले ते डोक्यावरची हिरवी टोपी न काढताच. मागोमाग दादा आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी तिघांकडे पाहिलं.

"गाठ मुळासकट निघाली. आतडं पुन्हा जोडता आलं, म्हणून पिशवी लागली नाही. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला? तोंडं का अशी पाडलीत?"

वहिनी मटकन खुर्चीत बसली. दादा आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करू लागला. ते ओसरलं तशी वर्षभर घशात अडकलेली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"डॉक्टर, राग मानू नका. गाठ तीच, जागा तीच, हात तुमचेच. मग माझ्याच नशिबी पिशवी का? मी काय तुमचं घोडं मारलं होतं?"

डॉक्टरांनी राग मानला नाही. त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर, अगदी जवळ धरले. "तुम्ही कपाटं करता ना? कोपऱ्यात हातच शिरला नाही तर स्क्रू कसा बसवाल? पुरुषाच्या ओटीपोटात हाडं अशी जवळजवळ असतात. तुमच्या गाठीच्या खाली जाऊन जोड घ्यायला मला जागाच मिळाली नाही. खूप झगडलो हो." मग त्यांनी तळवे दूर नेले. "यांच्या पोटात हात घातला आणि मी क्षणभर थांबलोच. एवढी मोकळी जागा! या आजारात बायका बरेचदा पुरुषांपेक्षा चांगल्या सावरतात. का, ते सगळं आम्हालाही उमगलेलं नाही. पण हे एक कारण आज माझ्या हातांना लागलं."

"बाईला एवढी जागा कशाला?" दादाने भाबडेपणाने विचारलं.

"बाळाला बाहेर यायला."

वहिनीने मान खाली घातली आणि दादाला जीभ चावावीशी वाटली. धाकटीला मूल झालं नव्हतं. नवरा होता तोवर तिने सगळे उपाय केले, सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि पुढे तो विषयच काढणं सोडलं. आपलं शरीर एका मोठ्या कामाला नालायक निघालं, हे तिने स्वतःशी कधीच कबूल करून टाकलं होतं.

"डॉक्टर, मला मूल नाही," ती हळूच म्हणाली.

"हाडांना कुठे माहीत असतं ते? मुलगी वयात आली की ती आपली जागा करून ठेवतात. मग कोणी येवो न येवो."

धाकटी थक्क झाली. किती पोरींच्या कमरेची मापं तिने घेतली होती. एखाद्या वर्षी माप अचानक वाढायचं आणि ती शिलाई उसवून कापड मोकळं करून द्यायची. तिच्याही आत असंच कोणीतरी न सांगता, न विचारता सगळं मोकळं करून ठेवलं होतं, आणि ती इतकी वर्षं त्या रिकाम्या जागेवर रुसून बसली होती. डॉक्टर गेल्यावरही ती छताकडे बघत राहिली. त्या वाटेने आजवर कोणी आलं नव्हतं. आज पहिल्यांदाच एक जीव तिथून सुखरूप बाहेर आला होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.