अनुभवाचे चाळीस गुण

चौधरी सरांनी वहाणा दाराबाहेर काढल्या आणि कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ते उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसले.

"हातची सेवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला सही करता येत नाही, भिकुबाई. आणि गुणांची यादी आज संध्याकाळी जळगावला पोचवायची आहे."

"बघा ना सर."

सरांच्या मुक्त शिक्षण केंद्राने रुग्णसेवेचा अभ्यासक्रम यंदाच काढला होता. घरी पाच वर्षांहून जास्त रुग्ण सांभाळलेल्या बाईला अनुभवाचे चाळीस गुण मिळायचे, पहिलं वर्ष माफ व्हायचं. चोपड्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी भिकुबाईला सांगून ठेवलं होतं, तो कागद आण, कामही देते आणि राहायला खोलीही.

खाटेवर सासू होती. वच्छलाबाई. अकरा वर्षं लकव्याने पडून. भिकुबाईचा नवरा त्याआधीच गेलेला. हा अर्ज सासूनेच हट्टाने भरायला लावला होता.

अंगणातून दीर झुलाल तिला चिडवत ओरडला, "डॉक्टरीण, परीक्षा चालू शे का? म्हातारी शे तोपावत कर थाट. मंग घर मनं शे!"

भिकुबाईने दार अर्धं लोटलं. म्हातारी गेली की घर आपलं, हे तो रोजच ऐकवायचा.

"आत्याबाई, सर आलेत हं. तोंड पुसते आता." तिने कोमट पाण्यात फडकं पिळलं. कपाळ, कानामागे, हनुवटी. मग चादरीसकट सासूला अलगद कुशीवर वळवलं. सरांनी नजर भिंतीकडे फिरवली. पाठ पुसून पावडर लावल्याचा वास आला.

"अकरा वर्षांत एक चट्टा नाही उठला पाठीला," ती म्हणाली.

"बोलतात का त्या?"

"जीभ जड आहे. मनात आलं तर दोन शब्द बोलतात."

"मग तुम्ही एवढं काय बोलता त्यांच्याशी?"

"सप्त्यात बुवांनी कीर्तनात सांगितलं होतं सर. सेवा करावी ती बोलत बोलत. ऐकणारा उत्तर देईलच असं नाही. देव तरी कधी देतो? म्हणून काय आपण आरती थांबवतो?"

सर हसले. कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. "नाडी बघता येते?"

भिकुबाईने तीन बोटं मनगटावर ठेवली. सरांनी घड्याळ पुढे धरलं. मिनिटभर घरात कुणी हललं नाही. तिचे ओठ तेवढे हलत होते.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

"छान." सरांनी आकडा लिहिला, खाली सही केली, शिक्का उमटवला. "चाळीसपैकी चाळीस. पुस्तकातून शिकलेल्या पोरींनाही एवढी माया जमत नाही हो."

निघताना ते खाटेशी वाकले, म्हातारीच्या पायांना हात लावून नमस्कार केला. "पाय फार गार आहेत यांचे."

"लकव्याची बाजू ना सर. त्यात पौषाची थंडी." तिने गोधडी पायांवर ओढली. "चहा?"

"नको. बस चुकेल. आजींना जपा."

भिकुबाई त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेली. झुलालने ओट्यावरून विचारलं, "काय रे मास्तर, नापास ना?" सरांनी मान हलवली, "पैकीच्या पैकी," म्हणाले आणि केळीच्या बागेकडच्या वाटेने दिसेनासे झाले.

ती घरात आली. दार नीट लावलं, कडी घातली. शिक्क्याचा कागद सासूच्या छातीवर ठेवला आणि खाटेपाशी जमिनीवर बसली.

"पास हुई गऊ, आत्याबाई. आज पाह्यटे जीव सोडताना तुम्ही सांगं व्हतं, मास्तर जाई तोपावत रडू नको. गया मास्तर. आते रडू का?"