डेनिसवाला

"डेनिसला टप नसतो," हैबतीने सांगितलं, आणि गोमाजीच्या पडवीतली माणसं सरकून जवळ आली.

हैबती मुंबईच्या बंबखान्यात आग विझवायच्या कामावर होता. शिमग्याला आपल्या गावी, कापड्याला आला की त्याची बैठक ठरलेली. लेलँडचं नाक लांब, मेरीवेदरची शिडी उंच, पण बंब म्हणावा तर डेनिसच, असं त्याचं ठाम मत. लाल अंग, पितळी घंटा आणि डोक्यावर नुसतं आभाळ. माणसं बाहेरच्या फळीवर उभी, दांडी धरून. वळणावर गाडी कलली की दुकानांच्या पाट्या कानाजवळून सुसाट जातात. गावात त्याला आता हैबती कुणी म्हणतच नव्हतं. सगळ्यांचा तो डेनिसवाला.

यंदा मात्र भरात येऊन तो भलतंच बोलून गेला. पावसाळ्यात एका वळणावर शेजारचा गडी फळीवरून उडाला, पाय मोडून घरी बसला. हैबतीची बायको आवडी त्याला जेवायला बोलवायला आली होती. ती दारातच थबकली.

तेव्हापासून तिचं जेवण तुटलं. होळीची पोळीसुद्धा तिने तशीच झाकून ठेवली. हैबतीने गंमत केली, समजूत घातली, शेवटी चिडून पाहिलं.

"तुमी तिकडं लोंबकळताय, मला हिकडं घास उतरत नाय," ती म्हणाली. "डेनिस सोडा, नायतर नोकरी सोडा."

नोकरी सोडून भागणार नव्हतं. डेनिसवर तर त्याचा जीव होता. हैबती दिवसभर गोठ्याशी बसून राहिला. संध्याकाळी आवडीला घेऊन तो भरल्या पडवीत गेला.

"गोमाजीदादा, मी थापा मारत व्हतो. मी डेनिसवर नसतोच. बेडफर्डच्या गाडीवर हाय. तिला टप हाय, दारं हायत, काचा हायत. मी आत गादीवर बसतो."

पडवी हशाने दणाणली. तिथे बसलेल्या चांगूने लगेच त्याचं काचवाला म्हणून बारसं केलं. हैबती मान खाली घालून हसत राहिला, कान तेवढे लाल झाले. आवडीने घरी येऊन त्याला चांगलंच फैलावर घेतलं, इतके दिवस मला उगाच घाबरवलंत म्हणून. मग पोटभर जेवली.

तो मुंबईला परतला आणि सोमवारी बंबखान्यात घंटा झाली. बेडफर्ड हैबतीने फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिली होती. त्याने धावत जाऊन डेनिसच्या फळीवर पाय ठेवला. गाडी फाटकातून वळली. एरवी मिशीला पीळ देत उभा राहणारा हैबती आज दोन्ही हातांनी दांडी आवळून होता. फळीवरच्या नव्या जोडीदाराने हसून विचारलं, आज असं काय?

"बायको जेवायला लागलीय रे," हैबती म्हणाला. "आता पडून चालायचं नाय."