वाट लांबवायची

दाखल्यांच्या एक नंबर खिडकीमागे खिलारेबाई दुपारची गर्दी ओसरली की मोबाइलवरच्या खेळात गड राखत बसायच्या. शेजारच्या नव्या लिपिक मुलीला त्यांनी युक्तीही शिकवली होती. "सगळ्या तोफा दारात लावायच्या नाहीत. वाट लांबवायची, वळणावळणावर बुरूज उभे करायचे. गडापाशी येईस्तोवर शत्रू आपोआप गळतो."

शत्रूची चाळिसावी लाट आली आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक सुरकुतलेला हात टेकला.

"बाई, तुम्ही मला तीनला पाठवलं, तीननं पाचला, पाचनं झेरॉक्सला. आता म्हणतात, साहेबांची सही हवी, एक नंबरला विचारा." म्हातारी भांडत नव्हती, नुसतं सांगत होती. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात त्याचं नाव चुकलं होतं आणि सोमवारपासूनची ही तिची चौथी खेप होती.

"साहेब मीटिंगमध्ये..." खिलारेबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं. कट्ट्यावरचा हात कागद गोळा करू लागला.

खिलारेबाईंनी ते कागद आपल्याकडे ओढले आणि त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या.

"मॅडम, तुमचा गड पडतोय," मुलगी म्हणाली.

"पडू दे."

साहेबांच्या दारापर्यंतची वाट जेमतेम बारा पावलांची होती.